दीड गुंठा

2 मार्च 2025, रविवार

उन्हं चढायच्या आत धाकटे दीर आणि मी टेप घेऊन दारापुढचा रस्ता मापला. गटाराच्या कडेपासून समोरच्या कुंपणापर्यंत पाच मीटर चाळीस. विजेच्या खांबापाशी त्याहून कमी. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "रस्ता मापून काय करशील? मापल्यानं काय वाढनार हाय?"

वाढणार नाही, हे मलाही कळतं. पण नकाशावाल्या ताईंनी फोनवर पहिला प्रश्न जागेचा नाही, रस्त्याचाच विचारला. बांधायचंय ते साधं आहे: खाली मिरची-हळद कांडायची गिरण, वर आमचं घर. गिरण आहेच, पडवीत, पत्र्याखाली. तिच्यावर छप्पर सोडून घर चढवायचं, एवढंच.

5 मार्च, बुधवार

बदलापूरला ताईंकडे. भिंतीवर यूडीसीपीआरचं, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीचं जाड बाड, कोपरे दुमडलेलं. ही नियमावली 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झाली. त्याआधी गावागणिक, पालिकेगणिक नियम वेगळे होते. आता मुंबई, एमआयडीसीची जागा आणि असे काही अपवाद सोडले तर राज्यभर हेच. म्हणजे आमच्या जांभूळ गावच्या बोळालाही तेच पुस्तक लागू.

ताईंनी पेन्सिलीनं दोन चौकोन काढले. आर-वन, आर-टू. दोन्ही राहण्याचेच पट्टे, पण रस्त्यानं वेगळे पडतात. दाट वस्तीत नऊ मीटरच्या आत आणि बाहेर बारा मीटरच्या आत रस्ता असला की तुम्ही आर-वन: घर बांधा, खाली रोजच्या गरजेचं छोटं दुकान घाला, हौस तेवढ्यात भागवा. तेवढ्या किंवा त्याहून रुंद रस्त्यावर आर-टू: मग दुकानं, कार्यालयं, बरंच काही. चटईक्षेत्राचंही तेच. नऊ मीटरच्या आत मूळ प्लॉटच्या 1.1 पट, गावठाणात 1.5, आणि पैसे भरून वाढवून मिळण्याची सोय रुंद रस्त्यावाल्यांनाच.

मी म्हटलं, "म्हणजे जागा माझी आणि किंमत रस्त्याची."

त्या हसल्या. मग आमचं माप धरलं. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 101.17 चौरस मीटर. आमचा दीड गुंठा 151.76. दीडशे मीटरपर्यंतच्या प्लॉटला म्हणे रीतसर परवानगीची वाट बघावी लागत नाही, आर्किटेक्टच्या सहीचा नकाशा आणि पैशाची पावती पुरते. त्यापुढे तीनशेपर्यंत दहा दिवसांत परवानगी. आम्ही पावणेदोन मीटरनं अडकलो. एवढ्या जागेत आमची तुळस आहे.

पुढचं गणित जास्त झोंबलं. प्लॉट साधारण दहा बाय पंधरा. ताई म्हणाल्या, धरून चाला की समोर तीन मीटर, मागे आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड सोडायचे. उरले सात बाय साडेदहा, त्यातच जिना. हक्काचे 167 चौरस मीटर दोन मजल्यांत भरतच नाहीत. मोठ्या प्लॉटवाला मोकळी जागा सोडतो आणि तिला बाग म्हणतो. आमच्याकडे तिथे सायकल उभी राहील, आडवी.

निघताना त्यांनी सातबारा मागितला. त्यावर चार नावं आहेत. वाटणी तोंडी झालेली. कारण तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यानं इतके लहान तुकडे कागदावर पाडता येत नव्हते. सासरे असेपर्यंत कागदाची गरज कुणाला वाटली नाही.

11 मार्च, मंगळवार

मिरचीच. रात्री दहापर्यंत डोळे चुरचुरतात. आगरी घरांत या दिवसांत वर्षाचा मसाला होतो, सगळ्यांना एकदमच हवा असतो. आज कांडून दिलं त्यातल्या चार बायका वसत गावच्या होत्या. त्या काही रस्ता किती मीटरचा आहे ते बघून आल्या नाहीत.

16 मार्च, रविवार

गिरणीसाठी मोटर बघायला उल्हासनगर. दीर आणि मी रिक्षानं. दुसऱ्या महायुद्धात ही लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना त्याच बराकींतल्या खोल्या मिळाल्या, आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी या वसाहतीला उल्हासनगर नाव दिलं. अजून लोक पत्ता कॅम्पनंबरानं सांगतात. राहायला मिळालेल्या खोलीपुढेच माणसांनी धंदा मांडला: पापड, कपडे, फर्निचर. पुढे वर माळे चढले. एका बराकीच्या रुंदीवर चार-पाच मजले, खाली गाळा, मध्ये कारखाना, वर संसार. असं करा म्हणून कुणी नियम केला नव्हता. करू नका म्हणणारे होते, ते उशिरा आले.

उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, 855 इमारती पाडायची वेळ आली, आणि शेवटी सरकारनं 2006 मध्ये फक्त या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामं नियमित करायचा कायदा केला. आधी गाव, मग नियम. मला हा क्रम वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसरंच. 28 मे 2021 च्या रात्री इथल्या साईशक्ती इमारतीत वरचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्याही खालच्यावर, असा तळापर्यंत आला. सात माणसं गेली. त्या महिन्यातली इथली ती अशी दुसरी इमारत.

मोटर घेतली नाही. महाग सांगितली, हे एक कारण.

22 मार्च, शनिवार

ताईंकडून गिरणीच्या कलमाची छायाप्रत आणली. आर-वनमध्ये पिठाची गिरण आणि ओला-सुका मसाला दळायला चालतं, पण तळमजल्यावर. विजेची मर्यादा पाळून. इमारतीच्या रचनेत त्याचा भार धरून. आणि शेजाऱ्यांना, वर राहणाऱ्यांना त्रास होता कामा नये.

सरकारी कागदात 'वर राहणाऱ्यांना' हा शब्द सापडेल असं वाटलं नव्हतं. ज्यानं लिहिला त्याच्या घराखाली कधीतरी गिरण असणारच.

संध्याकाळी पडवीच्या भिंतीवर पेलाभर पाणी ठेवून मिरची कांडायचा डंख चालू केला. पाण्यावर बारीक कडी उठत राहिली, न थांबता. सासूबाई बघून म्हणाल्या, यावर झोपायचं? मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, पाण्याला काय, ते हलतंच.

30 मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. आज लिहिण्यासारखं एकच: ताईंनी विकास आराखड्याची प्रत पाठवली, त्यात आमच्या दारापुढची रेघ बारा मीटरची आहे. प्रस्तावित. म्हणजे कागदावर आपण आर-टू! दिरांनी पेढे आणले, आणि मग टेप लावून बघितलं. रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा वाढला तर आमच्याकडून सव्वातीन मीटर. ओटा, तुळस आणि गिरणीची अर्धी पडवी. दिलेल्या जागेचं चटईक्षेत्र उरलेल्या जागेवर मिळतं, ताई म्हणाल्या. मिळेल. पण तुळस वरच्या मजल्यावर न्यावी लागेल. पेढे तरी संपवले.

10 जुलै, गुरुवार

पाऊस. जलशुद्धीकरण केंद्राकडची चढण चिखलानं बंद. आमच्या गावाचं नाव पेपरात येतं ते 'जांभूळ केंद्रात दुरुस्ती, उद्या पाणी नाही' या बातमीतच. बारवीचं पाणी इथे गाळून पार ठाण्यापर्यंत जातं. आज मात्र दुसरी बातमी होती आणि तिचाही आमच्याशी संबंध निघाला. महसूलमंत्री बावनकुळे यांनी काल विधानसभेत सांगितलं की शहरी भागात, 1 जानेवारी 2025 पर्यंत पडलेल्या एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना तुकडेबंदीतून सोडवणार. गावठाणालगतच्या भागाचंही नाव त्यात आहे.

दिरांनी बातमी दोनदा वाचून दाखवली. मग चौघांची नावं कोणत्या क्रमानं लिहायची यावर चहा गार झाला.

रात्री मी नकाशा नव्यानं काढला. गिरण रस्त्याकडे, घराच्या भिंतीला न टेकता, वेगळ्या पायावर, पत्र्याखालीच. घर मागे. मध्ये दोन हात मोकळं. वर काही नाही. नवऱ्यानं कागद उलटसुलट केला. "मग वर घर कुठं गेलं?"

"मागे."

"आणि रस्ता वाढला तर?"

"तर गिरणच जाईल."

त्यानं टेप खुंटीवरून काढली आणि पावसातच मागची जागा मापायला गेला.