एकवीस नंबर तीन!

कात्री, गोंद आणि विखुरलेल्या गुणसूत्रांच्या फोटोची झेरॉक्स. एवढ्या सामानात बी.एस्सी.ची मुलं कॅरिओटाइप वाचायला शिकतात, हे यंदा उज्जैनच्या वर्गात पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे!

एकेक गुणसूत्र कापायचं, जोडीदार शोधायचा, लांबीच्या उतरत्या क्रमाने चिकटवायचं. सेंट्रोमिअर मधोमध आहे की टोकाला, ते बघायचं. आणि मग पट्टे! ट्रिप्सिन आणि गिम्साने उमटणारे गडद-फिके पट्टे प्रत्येक जोडीचे निराळे. सुरुवातीला मुलांना सगळं सारखंच दिसतं. थोड्या वेळाने तीच मुलं आठ की दहा यावर वाद घालतात: "दहाच्या लांब भुजेवर तीन ठळक पट्टे असतात, हे बघ!" डोळा असा तयार होताना बघण्यासारखं सुख नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅम, इक्कीस नंबर तो तीन हैं!" डाउन सिंड्रोम! माणसात ४८ नव्हे, ४६ गुणसूत्रं असतात, हे त्यो आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवलं. हे तिसरं एकविसावं जगापुढे आलं १९५९ मध्ये, पॅरिसहून, लेज्यून, गोतिए आणि त्युर्पां यांच्या शोधनिबंधातून. आमच्या वर्गातल्या मुलीने ते स्वतःच्या बोटांनी शोधलं.

पुढचा कागद त्याहून भारी. मोजली तर ४५. सगळ्यांचा एकच सूर, एकच एक्स असलेला टर्नर सिंड्रोम! पण एक्स तर दोन आहेत. मग एकविसावं एकच कसं? पट्टे नीट पाहिले तेव्हा दुसरं एकविसावं चौदाव्याला जोडलेलं सापडलं. अशी बाई स्वतः निरोगी असते, पण तिच्या बाळाला डाउन सिंड्रोम होऊ शकतो. नुसतं मोजून भागत नाही, वाचावं लागतं, हे वर्गाला तिथे पटलं.

आणि ही गुणसूत्रं दिसतात कशामुळे? राजम्यातलं प्रथिन रक्तातल्या पांढऱ्या पेशींना विभाजनाला लावतं आणि कोल्चिसिन त्यांना ऐन विभाजनात थांबवतं. तेच कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं!

गुणसूत्रांच्या अभ्यासक जॅनेट राउली घरच्या जेवणाच्या टेबलावर असेच फोटो कापून मांडत. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की एका रक्ताच्या कर्करोगात नववं आणि बाविसावं गुणसूत्र आपापल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. त्या कर्करोगावरचं औषधही पुढे याच शोधाच्या वाटेने आलं. शिक्षकांनो, पुढच्या तासाला कात्र्या घेऊनच वर्गात जा!