आवर्तन

‘स्वावलंबन’ हा शब्द आपण शाळेत शिकतो तो वाढत्या वयाच्या संदर्भात. मुलाने आपल्या हाताने जेवावे, आपले दप्तर आपण भरावे, पुढे आपल्या पायांवर उभे राहावे, अशी ती चढती वाट असते. तीच वाट उतरताना कशी दिसते, याविषयी पाठ्यपुस्तके फारसे बोलत नाहीत. उतरणाऱ्याचा हात धरावा, की त्याच्या मागे दोन पावलांवर उभे राहावे, हे ठरवण्याची वेळ बहुधा अशा वयात येते, की जेव्हा आपण स्वतः नोकरी, संसार आणि आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत अर्धवट राहिलेले शिक्षण यांचा मेळ घालत असतो. गेली चार वर्षे या प्रश्नाच्या सोबतीने मी बारामती आणि इंदापूर यांच्यामध्ये ये-जा करीत आहे.

माझे वडील, अण्णा, इंदापुरात एकटे राहतात. वय ७८. आई जाऊन नऊ वर्षे झाली. भाऊ चाकणच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. मी बारामतीत एका कार्यालयात लेखा विभागात आहे. अण्णांचे मूळ गाव भीमाकाठचे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि नदीकाठच्या अनेक गावांप्रमाणे तेही पाण्याखाली गेले. आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचे दगड उघडे पडतात आणि लोक ते पाहायला जातात. अण्णा कधी गेले नाहीत. पुढे त्यांना पाटबंधारे खात्यात पाटकऱ्याची नोकरी लागली. ज्या पाण्याने गाव नेले, त्याच्याच भावंडाची राखण करण्यात त्यांचे आयुष्य गेले.

पाटकऱ्याचे काम वरवर साधे दिसते. कालव्याला आवर्तन सुटले की कोणत्या चारीला किती पाणी, कोणाच्या शेताला किती तास, याचा हिशेब ठेवायचा. नीरा डावा कालवा बारामतीकडून इंदापूर तालुक्यात येतो. वरच्या अंगाची भिजवण होत होत पाणी आमच्याकडे पोचते. ‘टेलच्या माणसाला घड्याळ कळलं पाहिजे,’ असे अण्णा म्हणत. त्यांच्या वहीत तारीख, वेळ आणि शेतकऱ्याचे नाव टपोऱ्या अक्षरांत असे. निवृत्तीनंतरही वही सुटली नाही. फक्त पाण्याच्या जागी दूध, किराणा आणि पाऊस आला.

त्यांचा आजार पहिल्यांदा दिसला तो या वहीत. ओळीच्या आरंभी मोठे असलेले अक्षर शेवटाकडे बारीक होत जाई. मग चालताना उजवा हात हलेनासा झाला, आवाज खाली गेला, आणि सर्वांत शेवटी बोटे थरथरू लागली. डॉक्टरांनी निदान केले कंपवाताचे. लंडनमधील जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली या व्याधीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने वर्णिलेले रुग्ण अवघे सहा, आणि त्यांतले काही तर त्याने केवळ रस्त्यावर पाहिलेले. माणसाच्या चालण्याकडे निरखून पाहण्यातून एका रोगाची ओळख पटावी, हे मला विलक्षण वाटते. कारण आता मीही तेच करते. अण्णा दारापासून अंगणापर्यंत किती पावलांत येतात, हे मी नकळत मोजते. या व्याधीत बुद्धी शाबूत राहते, असेही पार्किन्सनने नोंदवले होते. पुढच्या वैद्यकाने त्यात दुरुस्ती केली: काही रुग्णांमध्ये कालांतराने स्मरण आणि विचार यांवरही परिणाम होतो.

मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. गोळीतील लेव्होडोपा मेंदूत पोचून ती उणीव काही तास भरून काढते. आपल्याकडे आयुर्वेदाने वापरलेल्या कवचबीजातही हेच द्रव्य असते. गोळी रिकाम्या पोटी घ्यावी लागते, कारण दूध-डाळीतील प्रथिने तिच्या वाटेत येतात. ती लागू पडली की हातपाय मोकळे होतात. उतरली की शरीर जागच्या जागी थिजते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा मी गोंधळले होते. अण्णा मात्र म्हणाले, ‘म्हणजे आवर्तनच की! पाणी सुटलं की भिजवून घ्यायचं, बंद झालं की बसून राहायचं.’

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या शरीराचे पाटकरीपण हाती घेतले. सकाळी सहाची गोळी, साडेसहा ते नऊ ‘पाणी चालू’: त्या वेळात अंघोळ, दाढी, अंगण झाडणे. अकराला दुसरी गोळी, मग भाकरी. वहीत पुन्हा तारीख आणि वेळ. शेजारच्या काकू डबा देतात, दूधवाला रोज हाक मारून जातो, न्हाणीत भिंतीला लोखंडी दांडा बसवला आहे. एकटे राहणे किती माणसांच्या आधाराने उभे असते, हे अशा वेळी दिसते. ज्याला आपण स्वावलंबन म्हणतो, त्यात कोणावर कशासाठी अवलंबायचे हे आपले आपण ठरवण्याचा अधिकारच बहुधा मोठा असतो.

माझ्या वाट्याला आले ते शनिवार-रविवार आणि मोजक्या रजा. एसटी भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापुरात येते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा हाच मार्ग. अण्णांनी या वाटेने अनेक वाऱ्या केल्या. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. पण ती सवलत हाती आली तोवर गाडीची पहिली पायरी त्यांना उंच झाली होती. सवलत मिळणे आणि तिचा उपभोग घेता येणे यांत अंतर असते. कायद्याचेही तसेच. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने आईवडिलांचा सांभाळ ही मुलांची जबाबदारी ठरवली; न्यायाधिकरण त्यासाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देववू शकते. पैसा देववता येतो. वेळ देववता येत नाही. नोकरदार मुलांना उणीव भासते ती बहुधा वेळेचीच, आणि तिचा रकाना रजेच्या अर्जात नसतो.

गेल्या पावसाळ्यात अण्णा उंबऱ्याशी पडले. हाड मोडले नाही, पण काकूंचा फोन येईपर्यंत ते अर्धा तास तसेच होते. मी तडक इंदापूर गाठले आणि बारामतीला चला म्हणाले. भावानेही फोनवरून तेच सांगितले. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाय, एकदा उठवलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तू विचारतीयास, हे बरं केलंस. पण मी आता उठत नाही.’

‘आणि पुन्हा पडलात तर, अण्णा?’

‘पडायला काय, तुझ्या घरी फरशी नाही का?’ ते हसले. मग गंभीर होऊन त्यांनी वही पुढे केली. ‘हे बघ. गोळीचा हिशेब चुकला, आणि चुकला हे मला कळलं नाही, तर त्या दिवशी मला विचारू नकोस. घेऊन जा.’

मी ती अट मान्य केली. कार्यालयात अनेकांनी मला समजावले की वडिलांना एकटे ठेवणे बरे दिसत नाही. ‘बरे दिसणे’ हा आपल्या समाजातील मोठा निकष आहे, आणि त्यामागे काळजीही असते. परंतु पाहणाऱ्यांना बरे दिसावे म्हणून एका माणसाला त्याच्या अंगणातून उचलणे, हे मला दुसऱ्या विस्थापनासारखे वाटले. सुरक्षितता मोठी खरी. पण ती ज्याच्यासाठी, त्याच्या संमतीवाचून आली तर ती राखण न राहता नजरकैद होते. मात्र या विचाराची किंमत मीही देते. रोज सकाळी साडेसहाला फोन लावल्यावर तिसऱ्या घंटेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.

गेल्या रविवारी मी वही उघडली. अक्षर आता इतके बारीक झाले आहे, की भिंगावाचून लागत नाही. गुरुवारच्या रकान्यात अकराची गोळी दोनदा लिहिलेली होती. गोळ्यांची डबी तपासली. गोळी एकच कमी होती. म्हणजे घेतली एकदा, लिहिली दोनदा. हा हिशेब चुकला म्हणायचा की नाही, याचा निर्णय करण्यासाठी मी वही अण्णांसमोर धरली. त्यांनी भिंगातून दोन्ही ओळी वाचल्या, दुसरी ओळ कापऱ्या रेघेने खोडली आणि बाजूला आजची तारीख घातली. ‘कळलं,’ ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, ‘पण तू दाखवल्यावर.’

पुढे दोघेही काही बोललो नाही. पाचची गोळी व्हायची होती. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला आणि गोळी त्यांनीच डबीतून काढावी म्हणून वाट पाहत बसले.