आधी डोकी, मग कोळंबी

कोळंबी सोलताना डोकी आणि सालं ज्या भांड्यात पडतात, ते भांडं माझ्या ओट्यावर कोळंबीपेक्षा मानाचं. दक्षिण स्पेनमधल्या कादिसच्या किनाऱ्यावरचा हितानो पद्धतीचा मासळीचा रस्सा करायचा असेल तर सुरुवात त्या भांड्यापासून होते. पातेल्यात ऑलिव्ह तेल तापवायचं, डोकी-सालं त्यात टाकायची आणि ती लालबुंद झाली की लाकडी डावाच्या पाठीने एकेक डोकं दाबायचं. आतला केशरी गर तेलात उतरतो आणि तेलच केशरी होतं. हा रंग पाण्यात सुटत नाही, तेलात सुटतो. म्हणून आधी तेल, मग पाणी. पाणी घातल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं पुरेत. जास्त उकळलं की वास उग्र होतो. गाळतानाही चोथा चमच्याने दाबून शेवटचा थेंब काढायचा. इतकं झालं की अर्धा रस्सा झाला, आणि अजून एकही मासा चुलीवर चढलेला नाही.

हितानो म्हणजे स्पेनमधले रोमा. भारतातून सुमारे हजार वर्षांपूर्वी निघालेले त्यांचे पूर्वज युरोपभर पसरले. स्पेनमधली त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ सालची, आरागोनच्या राजाने दिलेल्या प्रवासाच्या परवान्याची. जगातल्या सगळ्या रोमांचं मिळून एक स्वयंपाकघर नाही. हंगेरीतले रोमा हंगेरीच्या चवीचं जेवतात, दक्षिण स्पेनच्या आंदालुसियातले आंदालुसियाच्या. म्हणून ‘जिप्सी’ हे नाव लावून एखाद्या पदार्थात लाल तिखट ओतलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. एका समाजाबद्दलची ऐकीव कल्पना तेवढी ताटात येते, त्या लोकांचा हात त्यात कुठेच नसतो. कादिसकडचा रस्सा तिखट असतो तो दोन-तीन सुक्या मिरच्यांपुरता. त्या अख्ख्याच तेलात परतायच्या. कोल्हापूरकराला तो सौम्य वाटेल, वाटू द्यावा. मी त्यात नारळ, आमसूल, गरम मसाला यांतलं काहीही घालत नाही. आपल्या कालवणाची चव आपल्या कालवणात आहेच.

त्या किनाऱ्याशी हितानोंचं नातं सुखाचं नव्हतं. ३० जुलै १७४९ च्या रात्री राजाच्या हुकमाने देशभर हितानोंची धरपकड सुरू झाली. बायका-मुलं एकीकडे, पुरुष आणि सात वर्षांवरचे मुलगे दुसरीकडे अशी ताटातूट करून हजारो माणसं डांबली. पुरुषांना नौदलाच्या गोद्यांमध्ये सक्तीच्या मजुरीला धाडलं. कादिसच्या खाडीतली ला काराका ही त्यांतली एक. शेवटच्या कैद्यांची सुटका व्हायला १७६५ साल उजाडलं. ला काराका ज्या सान फर्नांदो गावात येते, त्याच गावात दोनशे वर्षांनी, १९५० मध्ये, हितानो लोहाराच्या घरी एक मुलगा जन्मला. फ्लामेंकोच्या रसिकांना तो कामारोन दे ला इस्ला या नावाने ठाऊक आहे. आई टोपल्या विणायची. गोऱ्या, किडकिडीत पोराला घरच्यांनी नाव ठेवलं कामारोन, म्हणजे बारीक कोळंबी. त्याचं गाणं ऐकत हा रस्सा करायचा माझा शिरस्ता आहे, आणि तो मोडावासा वाटत नाही.

आता तिखटाकडे. स्पेनमध्ये ते पिमेंतोन. उत्तम पिमेंतोन ला व्हेरा भागातला; तिथे पिकलेल्या लाल मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे सुकवतात, रोज हाताने उलटून. त्या धुराची चव पुढच्या सगळ्या रश्श्याला मिळते. पण मिरचीत साखर असते आणि ती पटकन जळते. कांदा, लसूण, ढोबळी मिरची मऊ झाली की मी गॅस बंद करते, तेलाचा चरचराट थांबेपर्यंत थांबते, मग दोन चमचे पिमेंतोन घालून चार वेळा हलवते आणि लगेच किसलेला टोमॅटो ओतते. दहा सेकंद उशीर झाला तरी कडवटपणा येतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. पिमेंतोन मिळालं नाही तर ब्याडगीने रंग येतो, धूर येत नाही. अशा वेळी टोमॅटो आणि ढोबळी मिरची थेट जाळावर भाजून घ्यावी. टोमॅटो आटला की अर्धी वाटी पांढरी वाइन. तिकडे हेरेसची फिनो घालतात. नाशिकची कोरडी पांढरी वाइनही चालते.

माकूल मात्र यानंतर लगेच घालायचं, आणि त्यावर डोक्या-सालांचा गाळलेला रस ओतायचा. ते दोन मिनिटांत शिजतं, नाहीतर पाऊण तासाने. मधल्या वेळात खाल्लं तर रबर. या रश्श्यात पाऊण तासच हवा, कारण माकूल मऊ होता होता रसाला दाटपणा देतं. अर्धा तास झाला की बटाटे. बटाटा सुरीने पूर्ण कापायचा नाही. सुरी अर्ध्यापर्यंत रोवायची आणि मनगट फिरवून तुकडा मोडायचा. टच्च असा आवाज आला पाहिजे. मोडलेली बाजू खडबडीत राहते, तिच्यातलं पीठ रश्श्यात सुटतं, आणि मैदा किंवा कॉर्नफ्लोअर न घालता रस्सा चमच्याला धरतो. कादिस-हुएल्वाकडच्या घराघरात, हितानोंच्या आणि इतरांच्याही, माकूल-बटाटा हा रोजच्या जेवणाचा पदार्थ आहे, तो या एका युक्तीवर उभा.

दुसरी युक्ती खलबत्त्यातली. तिला तिकडे माहादो म्हणतात. शिळ्या पावाची एक चकती, सहा-सात बदाम आणि चार पाकळ्या लसूण तेलात सोनेरी तळायचं, थंड करायचं, मग चिमूटभर जिरं, केशराच्या काड्या आणि जाडं मीठ घालून कुटायचं. मिक्सरमध्ये याचं पीठ होतं. मला दाताखाली बदामाची कणी लागायला हवी असते. शेवटी पळीभर गरम रस घालून गोळा सैल करायचा आणि पातेल्यात सोडायचा. रस्सा डोळ्यांदेखत बदलतो: लाल रंगाचा भडकपणा जातो, तो विटकरी होतो, आणि बुडबुडे जड, आळशी होतात. गरिबाच्या घरी मासळी थोडी आणि खाणारी तोंडं जास्त. डोक्यांचा रस, बटाट्याचं पीठ आणि शिळ्या पावाचं कूट हे तीन मिळून मूठभर मासळीत घरादाराला पोटभर जेवू घालतात. या रश्श्याबद्दल मला जो आदर आहे तो यासाठी.

आता मासळी. मोरीचे तुकडे असतील तर पाच-सहा मिनिटं आधी. तिकडेही याच जातीचा छोटा शार्क रश्श्यात घालतात. मग मिठाच्या पाण्यात वाळू सोडायला ठेवलेल्या तिसऱ्या, झाकण घालून. त्यांनी तोंडं उघडली की सोललेली कोळंबी, आणि गॅस बंद. कोळंबी उरलेल्या वाफेवरच शिजते; तिने अर्धचंद्राचा आकार घेतला की झाली, पूर्ण गोल वळली तर चिवट. वर पुदिन्याची एक डहाळी. सोबत कडक सालीचा पाव, तो हाताने मोडून.

रस्सा उरणार असेल तर जेवण संपताच त्यातली कोळंबी आणि तिसऱ्या वेगळ्या काढून ठेवते, त्या दुसऱ्यांदा गरम केलेल्या सोसत नाहीत. दुसऱ्या दिवशी वाटीभर पाणी घालून रस्सा उकळते आणि त्यात जाड, न भाजलेल्या गव्हाच्या शेवया सोडते. कादिसला हेच करतात.