आमची विरीची गाडी

आमच्या कोकणात बर्फ पडत नाही. थंडी पडते, पण सकाळी शेकोटीपाशी बसण्यापुरती. तरीही आम्ही घसरतो! भाताची कापणी, झोडणी झाली की उतारावर कापायचे राहिलेले गवत वाळून आडवे पडते. त्यावरून पाय सटकतो. मग आम्ही पोफळीखाली पडलेली विरी आणतो. विरीत बसायचे, पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि मागून एकाने ढकलायचे. की निघाली गाडी!

गुरुजींनी आम्हाला शिवा केशवन यांची माहिती सांगितली. ते हिमाचल प्रदेशातील मनालीजवळचे. ल्यूज नावाच्या खेळात छोट्या घसरगाडीवर उताणे झोपून, पाय पुढे करून बर्फाच्या वाटेने खाली यायचे असते. १९९८ साली जपानमधील नागानो येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते खेळले, तेव्हा १६ वर्षांचे होते. २०१८ पर्यंत ते ६ वेळा ऑलिंपिकला गेले. सरावासाठी ते गाडीला चाके लावून डोंगरातल्या रस्त्यांवरून खाली येत.

हे ऐकल्यापासून आमचा दादा फारच जोरात आला. आमच्या उताराच्या तळाला जांभ्या दगडाचा गडगा आहे. गडग्याच्या अलीकडे टाचा रोवून थांबायचे. जो सर्वांत जवळ थांबेल तो जिंकला.

पौष महिन्यात एका रविवारी आम्ही तिघे एकाच विरीवर बसलो. दादा पुढे, धाकटी बाय मध्ये, मी मागे. तिघांचे वजन, गाडी थांबेचना! दादाने टाचा रोवल्या तर गवतच उपटून आले. बाय ओरडली, "दादा, गडगा!" दादा म्हणाला, "उजवीकडं झोक द्या!" आम्ही तिघे आडवे झालो आणि लोळत लोळत गडग्यापासून दोन हातांवर थांबलो. दादाचे कोपर सोलपटले. माझ्या वेण्यांत कुसळेच कुसळे. बाय आधी खूप हसली, मग गडग्याकडे बघून एकदम रडायला लागली.

घरी आजीने दादाच्या कोपराला हळद लावली. आम्हाला वाटले, आता बाबा ओरडणार. पण बाबांनी हनुवटी वर करून खालची खूण दाखवली. "हा त्याच गडग्याचा प्रसाद," ते म्हणाले. आई म्हणाली, "अहो, मला तर दाढी करताना कापलं म्हणून सांगितलं होतंत!"

दुसऱ्या दिवशी बाबांनी रिकाम्या गोणी दिल्या. आम्ही त्यांत आंब्याफणसाचा पातेरा भरला आणि गडग्याला टेकून ९ गोणी लावल्या. आता लहान मुले अर्ध्या उतारावरूनच येतात. बाय रोज विचारते, "मी चौथीत गेले की वरून ना?" दादा म्हणतो, "बघू."

मुलांनो, एक गोणी तुम्हीही भरून आणा. आणि पालकांनो, ज्यांच्या गुडघ्यावर, हनुवटीवर अशा जुन्या खुणा आहेत, त्यांनी घरी खरे काय ते सांगावे!

— इयत्ता चौथी