चढाईतला दम

कबड्डीत ‘दम’ म्हणजे चढाई करणाऱ्याने मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीच ‘कबड्डी, कबड्डी’ असा उच्चार सुरू करून, तो कोठेही न तोडता, एकाच श्वासात प्रतिपक्षाच्या अंगणातून परतणे. आणि खेळाचे आध्यात्मिक अंग शोधायचे, तर ते सामन्याआधी कपाळाला लावलेल्या मातीत किंवा मारुतीपुढे फोडलेल्या नारळात शोधण्यापेक्षा या श्वासात शोधणे अधिक रास्त ठरते. मंचेरियलच्या परिसरात या खेळाला तेलुगूत ‘चेडुगुडु’ म्हणतात, प्राणहितेपलीकडील महाराष्ट्रात जुनी माणसे त्याला ‘हुतूतू’ म्हणत आली. उच्चार बदलला तरी दमाचे बंधन दोन्ही तीरांवर सारखेच राहिले. सिंगरेणीच्या कोळसा खाणींच्या या पट्ट्यात, जेथे पाळी संपवून जमिनीखालून वर येणाऱ्या माणसाला मोकळ्या हवेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही, तेथे तर श्वासावर उभा असलेला खेळ विशेष विचारात घेण्याजोगा आहे.

योगशास्त्रात श्वास बाहेर सोडण्याच्या क्रियेस रेचक म्हणतात, आणि दम ‘धरला’ असे आपण म्हणत असलो, तरी आवाज काढायचा तर हवा सोडावीच लागत असल्याने दम हा वस्तुतः लांबवलेला रेचकच होय. अडचण येते ती इथेच. साधकाचा रेचक स्थिर आसनात होतो. चढाईपटूला मात्र तो कंबरेत वाकून, सात जणांच्या नजरेखाली, निदान रेषेकडे, म्हणजे कोणालाही स्पर्श न करता परतायचे असल्यास एकदा तरी ओलांडावी लागणाऱ्या रेषेकडे, सरकत साधावा लागतो. कोपऱ्यातल्या गड्याकडे पाय फेकला की पोट आवळते आणि त्या एका झटक्यात बरीचशी हवा निसटते, म्हणून कसलेला गडी पाय उचलण्याआधीच आवाज बारीक करतो. एवढे सरावाने जमते. घोट्यावर पकड बसल्यावर, साखळीतले दोघे अंगावर आल्यावर आणि मध्यरेषा हातभर उरल्यावर जे करावे लागते, ते मात्र सरावाने जमतेच असे नाही. कारण संतापून जोर लावावा तर दम तुटतो, आणि संताप आवरण्यासाठी मनाला बजावत बसावे तर त्यातही श्वास खर्ची पडतो. शांत राहण्याचा प्रयत्नच शांतता मोडतो, हा जप करणाऱ्यांना ठाऊक असलेला पेच येथे देहावर, आणि तोही काही क्षणांत, सोडवावा लागतो.

त्यातच अहंकार आडवा येतो. पंचाला ऐकू जाण्यापुरता उच्चार पुरेसा असताना प्रेक्षकांसाठी आवाज चढवला जातो, आणि फुप्फुसांनी साथ सोडली तरी ती टाळ्यांची ओढ सुटत नाही, हे प्रामाणिक चढाईपटू नाकारणार नाही. जुन्या संजीवनी प्रकाराने, म्हणजे बाद गडी स्वपक्षाने प्रतिपक्षाचा गडी टिपल्यावर पुन्हा मैदानात येतो त्या पद्धतीने, या अहंकारावर चांगला उतारा ठेवला होता. आजच्या नियमांतही तो टिकून आहे. ‘मेलेल्या’ गड्याला स्वतःच्या पराक्रमाने उठता येत नाही, दुसऱ्याच्या श्वासाची वाट पाहत बाहेर बसावे लागते.

1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले, 2014 पासून व्यावसायिक लीगने खेळाडूंच्या घरी पैसा आणला, आणि या दोन्हींचा आनंदच मानला पाहिजे. चढाईला 30 सेकंदांची मर्यादा घालण्यामागील व्यवस्थेची गरजही समजते. परंतु नियमात दम कायम असूनही जे प्रशिक्षक केवळ घड्याळ आणि गुण शिकवतात, ते खेळाचा गाभा बाजूला ठेवतात, असे स्पष्ट म्हणावे लागते. घड्याळावर वाढलेला तरुण बचावपटू चढाईपटूच्या पायांकडे पाहतो. वय झाल्याने चढाई सोडून कोपरा सांभाळणारा जुना गडी पाय तर पाहतोच, पण कान आवाजाकडे ठेवतो, आणि उच्चार किंचित पातळ झाला की समोरचा आता परतीला लागणार हे ओळखून, तो वळण्याच्या आत घोटा धरतो.