पालीहून राजगड चढताना

पाली दरवाज्याच्या रुंद पायऱ्यांवर दम खात बसलो होतो. नवा उद्योग काढणाऱ्या भाच्याने विचारलेला प्रश्न डोक्यात होता : सुरुवात कशी करू?

तोरणा किल्ल्यावर सापडलेलं धन शिवाजी महाराजांनी याच मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लावलं, असं परंपरा सांगते. पहिलं भांडवल हाती आलं की आपण चकचकीत ऑफिस घेतो. ते पैसे दीर्घकाळ टिकेल अशा कामातच घालावेत.

माणसं महाराजांनी जवळची जोडली. कारीचे कान्होजी जेधे, भुतोंड्याचे येसाजी कंक. त्यांना इथल्या वाटा आणि खिंडी पाठ होत्या. पुढे लष्कराला वतनाऐवजी रोख पगाराची शिस्त लावली. भाच्याला हेच सांगेन : ग्राहकाचा मुलूख ओळखणारी माणसं घे आणि पगाराची तारीख कधीही चुकवू नकोस.

गडाच्या तिन्ही माच्यांना, पद्मावती, सुवेळा, संजीवनीला, आपापली तटबंदी आहे. वर बालेकिल्ला. टीमही अशीच बांधावी. प्रत्येकाला स्वतःची हद्द आणि त्या हद्दीत निर्णयाचा पूर्ण अधिकार हवा. सगळं बालेकिल्ल्यावरून हाकू नये.

आणि पडता काळ? मोगलांशी झालेल्या 1665 च्या पुरंदर तहात महाराजांचे 23 किल्ले गेले, 12 राहिले. राखलेल्यांत राजगड होता. पैसा आटला तर चार कामं सोडावीत, पण गाभा सोडू नये. काय सोडतोय आणि का, हे टीमला त्याच दिवशी तोंडावर सांगावं. विश्वास टिकला तर गेलेलं परत मिळवता येतं.