दोष कोणाचा?

संकट आलें असतां मनुष्य तें कसेंबसें सोसतो. परंतु त्या संकटाचा कर्ता कोण, हें ठरल्यावांचून त्यास झोंप येत नाहीं. घरांत दूध उतूं गेलें, तर सांडलेलें पुसण्याच्या आधींच 'लक्ष कोणाचें नव्हतें?' हा प्रश्न निघतो. आम्ही शिक्षक लोक तर या कामीं विशेष तरबेज. वर्गांत कांच फुटली कीं फोडणाराचें नांव टिपून घेतलें, म्हणजे आमचें कर्तव्य संपलें! गेल्या हिवाळ्यांत आमच्या पटांगणावर एक गोल झाला आणि त्या निमित्तानें आमच्या या संवयीची आम्हांस चांगलीच ओळख पटली. ती हकीकत वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन भाग केले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा तो घाटावरचा आणि पूर्णेच्या खोऱ्यांतला तो घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर हीं गांवें वर. मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव हीं खालीं. एरवीं दोन्हीकडचीं माणसें एकमेकांच्या घरीं सोयरीक करतात. परंतु फुटबॉलचा सामना असला कीं 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' हे शब्द रणघोषणेसारखे घुमूं लागतात. त्या दिवशीं घाटाखालच्या एका शाळेचा संघ आमच्याकडे आला होता. संघाची जबाबदारी आमच्याकडे असल्यामुळें आम्ही सीमारेषेशीं उभे होतों.

खेळ संपावयास चारपांच मिनिटें उरलीं होतीं. एकही गोल झाला नव्हता, आणि गुणांच्या हिशेबानें बरोबरी झाली तरी आमचा संघ पुढच्या फेरींत जाणार होता. इतक्यांत प्रतिपक्षाच्या एका हाफनें लांबून चेंडू उंच टोलविला. आमचा बॅक अडविण्यास धांवला, पण चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. आमचा गोलकीपर, इयत्ता नववींतला एक अबोल मुलगा, खांब सोडून सातआठ पावलें पुढें आला. काळ्या मातीचें आमचें पटांगण हिवाळ्यांत दगडासारखें टणक होतें आणि जागोजाग भेगाळतें. चेंडू अशाच एका उंचवट्यावर आपटला, मुलाच्या पसरलेल्या हातांवरून उसळला आणि दोन टप्पे घेत सावकाश, अगदीं सावकाश, जाळ्यांत गेला. वेगानें झालेला गोल लोक लवकर विसरतात. हा सर्वांनीं डोळे भरून पाहिला.

दुसऱ्या दिवशीं शाळेंत दुसरा विषय नव्हता. एका पालकांनीं तो प्रसंग मोबाईलवर टिपला होता. शाळेच्या फाटकाशीं त्यांच्याभोंवतीं मुलांची झुंबड उडाली. त्या गोंगाटांत आवाज कोणास ऐकूं येत नव्हता. चित्र मात्र दहा वेळां पाहून झालें. 'हा बघ, इथं याचं पाऊल उचललं!' असें म्हणून जो तो त्या पावलावर बोट ठेवी. शेवटीं शनिवारच्या वादविवाद सभेसाठीं मुलांनीं हाच विषय मागून घेतला : 'झालेल्या गोलास गोलकीपर जबाबदार आहे.' आम्हीं अध्यक्षपद स्वीकारलें आणि निर्णय सोमवारीं देऊं, असें जाहीर केलें.

वाद मोठा रंगला. पहिला पक्ष म्हणाला, गोल राखणें हेंच ज्याचें काम, त्यानें गोल सोडून पुढें कां यावें? जागेवर राहता, तर चेंडू आयता त्याच्या हातांत आला असता. दुसरा पक्ष म्हणाला, तो जागेवर राहिला असता आणि प्रतिपक्षाचा फॉरवर्ड चेंडूपाशीं आधीं पोंचला असता, तर तुम्हीच विचारलें असतें कीं हा पुढें कां आला नाहीं? चेंडू त्याच्यापर्यंत येण्यापूर्वीं दहा जणांना चुकवून येतो; त्या दहांस कोणी कांहीं विचारीत नाहीं. इतक्यांत आठवींतली एक मुलगी उठली आणि शांतपणें म्हणाली, "साठ मिनिटांत आपल्याला एकही गोल करता आला नाही, तो दोष कोणाचा?" टाळ्या पडल्या. ज्याच्याविषयीं हें सारें चाललें होतें, तो मुलगा खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसून नखानें बाकाची कड कोरीत होता.

समारोपाचें भाषण आम्हीं मोठ्या तयारीनें केलें. आम्ही मुलांना म्हणालों, १६ जुलै १९५० या दिवशीं ब्राझील देशांत रिओ शहरीं माराकाना मैदानावर विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसें जमलीं होतीं. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरे होती, आणि पहिला गोलही त्यांनींच केला. पुढें उरुग्वेच्या घिज्जिया नांवाच्या खेळाडूनें उजव्या बाजूनें धांवत येऊन चेंडू मध्यें दिला आणि त्याच्या सोबत्यानें गोल केला. अकरा मिनिटें उरलीं असतां घिज्जिया पुन्हां त्याच वाटेनें आला. गोलकीपर बार्बोझा यास वाटलें, हा आतांही चेंडू मध्येंच देणार. तो तसूभर सरकला. आणि खांबाशीं जी फट राहिली तींतून घिज्जियानें चेंडू आंत मारला. ब्राझील हरला. घिज्जियाला दोनदां कोणी अडविलें नाहीं, हें लोक विसरले. बार्बोझाचें तें एक पाऊल मात्र कोणी विसरलें नाहीं. आपल्या देशांत मोठ्यांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र पन्नास वर्षें भोगीत आहों, असें तो म्हातारपणीं बोलून दाखवी. तो सन २००० मध्यें वारला.

आणि एवढ्या दूर तरी कशाला जावें? १ डिसेंबर १९८२ रोजीं दिल्लीच्या आशियाई खेळांत हॉकीच्या अंतिम सामन्यांत पाकिस्ताननें भारताचा सात विरुद्ध एक असा पराभव केला. भारताचा गोलरक्षक होता मीररंजन नेगी. त्याचें खेळणें वाईट झालें, एवढ्यावर लोक थांबले नाहींत. त्यानें सामना विकला, असा संशय घेण्यापर्यंत मजल गेली. तो कधीं सिद्ध झाला नाहीं. पण पुराव्याची वाट पाहतो कोण? पुढें हे गृहस्थ मुंबईस कस्टम खात्यांत नोकरीस होते. त्यांनीं मैदानाकडे पाठ फिरविली असती तर नवल नव्हतें. परंतु १९९८ सालीं बँकॉक येथें भारतीय संघानें बत्तीस वर्षांनीं आशियाई सुवर्णपदक मिळविलें, त्या संघाच्या गोलरक्षकांना शिकविणारे तेच, आणि २००२ सालीं मँचेस्टर येथें राष्ट्रकुल खेळांत आपल्या मुलींनीं सुवर्णपदक जिंकलें, त्यांच्या पाठीशींही तेच.

तसेंच महूचे शंकर लक्ष्मण. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकांत भारतावर एकही गोल झाला नाहीं. १९६० मध्यें रोम येथें अंतिम सामन्यांत एक गोल झाला आणि १९२८ पासून सतत जिंकत आलेलें सुवर्णपदक पाकिस्तानकडे गेलें. १९६४ मध्यें टोकियो येथें पुन्हां तेच दोन संघ, पुन्हां एकच गोल; पण या खेपेस तो आपला होता. तिन्ही वेळां गोलांत उभे लक्ष्मणच होते. एका गोलाच्या अंतरानें मनुष्य ढालही ठरतो आणि भोंकही!

इतकें सांगून आम्हीं शास्त्राचीही साक्ष काढली. २००७ सालीं इस्राएलांतील संशोधकांनीं पेनल्टीच्या २८६ फटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरांत सुमारें एकोणतीस फटके मध्यावर आले होते, पण गोलरक्षक मध्यावर स्थिर राहिले ते शंभरांत केवळ सहा वेळां. कारण उघड आहे. उडी मारून गोल झाला, तर 'बिचाऱ्यानें प्रयत्न केला' असें लोक म्हणतात. उभें राहून झाला, तर 'खांबासारखा उभा राहिला' म्हणतात. म्हणजे गोलरक्षक पुष्कळदां चेंडूपासून नव्हे, तर लोकांच्या बोलण्यापासून आपला बचाव करीत असतो.

भाषण सर्वांना आवडलें. आम्हांसही आवडलें. दुबळ्याची बाजू घेतल्याच्या समाधानांत आम्ही घरीं आलों.

निर्णय लिहावयाचा म्हणून त्या पालकांकडून तें चित्रण आम्हीं मागवून घेतलें होतें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तें लाविलें. घरांत निजानीज झाली होती. त्यामुळें या वेळीं आवाज स्वच्छ ऐकूं आला. चेंडू उंच उडाला, आणि सीमारेषेवरून एक खणखणीत हांक आली : "समोर ये! अरे, समोर ये!" त्या हांकेनंतर मुलाचें पाऊल उचललें गेलें. हांक कोणाची हें आम्हांस कोणी सांगावयास नको होतें. वीस वर्षें वर्गांत वापरलेला आवाज मनुष्य ओळखतोच.

आम्ही तें तीनदां लावून पाहिलें. हांक मारल्याचें आम्ही विसरलों होतों, कीं विसरणें सोयीचें वाटलें होतें, हें ईश्वर जाणे. परंतु त्या मुलानें ती ऐकली होती. सभेंत एक वाक्य बोलून तो मोकळा झाला असता. 'सरांनीं बोलाविलें म्हणून गेलों', एवढेंच. तो नख कोरीत बसला आणि आम्ही अध्यक्षाच्या खुर्चीवरून त्याच्यावर दया करीत होतों!

दुसरा दिवस रविवारचा. उपासनेंत प्रभूची प्रार्थना म्हणतांना क्षमेच्या वाक्याशीं आमची जीभ अडखळली. लूकच्या शुभवर्तमानांतली शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आठवली. बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं. तीं अधिक अपराधी होतीं कीं काय, या शंकेस प्रभूनें स्पष्ट 'नाहीं' म्हटलें, आणि प्रश्न ऐकणारांकडेच वळविला. ती गोष्ट आम्हीं मुलांना कितीदां तरी शिकविली होती.

सोमवारीं सभा भरली. आम्हीं निर्णय वाचला नाहीं. चित्रण लावलें आणि आवाज मोठा केला. वर्ग चिडीचूप झाला. मग आम्हीं सांगितलें, "हांक आमची आहे. पटांगणावर रोलर फिरवून घेणें हेंही आमचेंच काम होतें. तें दिवाळीपासून राहिलें आहे. गेले चार दिवस तुम्ही ज्याचें खापर या मुलाच्या डोक्यावर फोडीत होतां, त्यांतला मोठा वांटा आमचा आहे." आणि आम्हीं त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली.

तो उभा राहिला. बराच वेळ त्याला शब्द सुचेना. मग खालीं पाहत म्हणाला, "सर, तुम्ही आवाज देला नसता, तरी मी समोर आलोच असतो. मले वाटलं होतं, चेंडू सापडते म्हणून."

हें खरें होतें, कीं आमची लाज राखण्यासाठीं तो म्हणाला, तें आजही आम्हांस ठाऊक नाहीं. खरें असेल, तर ज्या मुलाची आम्ही कींव करीत होतों, त्याला आपली चूक दुसऱ्याच्या पदरांत टाकावयाची नव्हती. खोटें असेल, तर त्याच्या त्या असत्याचा हिशेब ईश्वरानें कसा मांडला असेल, हें सांगण्याचें धाडस आमच्याजवळ नाहीं. वादाचा निर्णय मात्र लागलाच नाहीं. ज्या दोषासाठीं दोघे जण आपण होऊन पुढें येतात, त्याचें भांडण तें काय व्हावयाचें?

चूक होत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. गोलकीपरची चूक होते; त्यानें ती मान्य करावी आणि दुसऱ्या दिवशीं सरावास यावें. आमचा मुलगा येतो. परवां त्याच्यावर आणखी दोन गोल झाले. त्यांतला एक उघड उघड त्याचाच होता, आणि तें प्रथम त्यानेंच सांगितलें. रोलर आतां दर पंधरवड्यास फिरतो. आणि खेळ चालू असतां सीमारेषेवरून हांक मारावयाची नाहीं, हा नियम आम्हीं आमच्यापुरता केला आहे. तो पाळणें फार कठीण जातें.

पालकांस एक विनंति. लवकरच गुणपत्रकें घरोघर येतील. एखाद्या विषयाखालीं लाल रेघ दिसेल, तेव्हां 'दोष कोणाचा?' हा प्रश्न ओंठांवर येईल, आणि तें साहजिक आहे. परंतु विचारण्यापूर्वीं चित्राबरोबर आवाजही ऐकावा. त्या गर्दींत आपल्याही हांका मिसळलेल्या असतात.